मागल्या अंगणाचं मोजमाप

जुलै लागला की आमच्या कोपऱ्यावरचा फळवाला ओल्या खारका घेऊन बसतो. कच्छच्या, पिवळ्याधमक, काडीसकट. येणारे-जाणारे थांबून विचारतात, "हे काय असतं हो?" मला कुणी काही विचारलेलं नसतं, तरी मी पिशवी सांभाळत पुढं होते आणि सांगायला लागते, की आत्ता खाल्लीत तर तुरट लागेल, जीभ जड होईल, दोन दिवस ठेवा, टोकाकडून तपकिरी व्हायला लागली की मग खा, नुसती साखर आहे. फळवाल्याला आजचा माल आजच खपवायचा असतो. "आजी, तुम्ही माझं गिऱ्हाईक पळवता," म्हणतो बिचारा. पण स्वभावाला औषध नाही. भोचकपणा माझ्या अंगात पहिल्यापासून आहे. दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकलं की यजमानांच्या तोंडाकडं बघायच्या आधी मी छताकडं बघते, तुळया मोजते, आणि मोरीचं पाणी कुठून बाहेर जातं ते मनातल्या मनात शोधते.

तर ती खारीक हातात घेतली की मी पुण्यात उरत नाही. बहरीनला, झिंजमधल्या आमच्या त्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत जाते. ऐंशी साल तोंडावर आलं होतं, माझी रेवा सहा वर्षांची होती, आणि त्या उन्हाळ्यात मी आमच्या जेवणाच्या टेबलावर विलायतेतलं एक अख्खं घर उभं केलं होतं. म्हणजे कागदावर. आणि अख्खं म्हणजे अर्धंच. ते सांगते.

बहरीनचा ऑगस्ट ज्यानं काढला नाही त्याला सांगून कळायचा नाही. दाराबाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरायची. भिंतीला हात लावावा तर ओला. वाळत घातलेले कपडे संध्याकाळी काढावेत तर सकाळपेक्षा दमट. चारी बाजूंनी समुद्र, आणि तो सगळा हवेतच येऊन बसलेला. आम्ही कोकणातली माणसं, घामाला भिणारी नव्हे. पण कोकणातल्या घामाच्या शेवटी पाऊस येतो. इथं घाम येतो आणि मग आणखी घाम येतो. खालच्या मजल्यावर आमची घरमालकीण उम्म युसूफ राहायची. मी त्या उकाड्याला शिव्या घातल्या की ती हसायची आणि सिनेमे बघून शिकलेल्या हिंदीत म्हणायची, "गरमी मफी, तो खजूर मफी." एक नाही, तर दुसरंही नाही. आणि दुसऱ्या दिवशी ताटभर रुतब घेऊन धापा टाकत वर यायची. रुतब म्हणजे अर्धा पिकलेला खजूर, वरचा भाग पिवळा कडक, खालचा मऊ मधासारखा. एका घासात दोन चवी. मी बिया मोजून ठेवायची आणि रेवा म्हणायची, "आई, व्हाय आर यू काउंटिंग?" ह्या पोरीला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र साहेबाच्या भाषेत.

आमचे हे एका बांधकाम कंपनीत अकाउंट्स बघायचे. एके दिवशी घरी आले आणि बूट काढता काढता म्हणाले, "अगं, तुझा हात अजून चालतो का?"

"कशाला? भाकऱ्या थापायला?"

"ड्रॉइंगला."

मी लाटणं खाली ठेवलं. लग्नाआधी मी गिरगावात एका आर्किटेक्टकडं ड्राफ्ट्समन होते. मामाकडं राहून डिप्लोमा केला होता, आणि ऑफिसातल्या पाच पुरुषांत एकटी बाई. तरी सगळ्यांत बारीक रेघ माझी. मग लग्न झालं, बहरीन झालं, रेवा झाली. पासपोर्टवर 'हाउसवाइफ' असा शिक्का बसला आणि पेनं बिस्किटाच्या डब्यात गेली. सात वर्षं. सात वर्षांत मी रांगोळीखेरीज एक सरळ रेघ ओढली नव्हती.

पुढच्या शुक्रवारी मिस्टर पेल आले. ह्यांच्या कंपनीतले सल्लागार, पासष्टीच्या पुढचे, उंच, खांद्यात वाकलेले. जिन्याच्या पायऱ्या पायानं चाचपत चढले ते मी वरून बघितलं. त्यांनी टेबलावर तीन वह्या ठेवल्या. पेन्सिलीनं भरलेल्या, कडा कुरतडल्यासारख्या, पानांना जुन्या ओलीचा वास. बोलले अर्थातच इंग्रजीत. मी आपली मराठीत सांगते.

त्यांच्या गावाजवळ एक मोठं घर होतं. चारशे वर्षांचं. मधे चौक आणि चारी बाजूंनी दगडी इमारत. पुढची बाजू मालकांची, तिथं मोठा दिवाणखाना, गॅलऱ्या, बागेकडं उघडणाऱ्या उंच खिडक्या. मागची बाजू कामाची. दुसऱ्या महायुद्धानंतर मालकांना खर्च झेपेना, म्हणून त्यांनी मागची बाजू पाडून दगड विकायचं ठरवलं. हे पेल तेव्हा तरुण सर्वेअर. त्यांनी सुट्टी काढली, परवानगी मागितली, आणि पाडायच्या आधी तीन आठवडे तो सगळा भाग टेप लावून मोजला. मग खरंच पाडला. पुढचा भाग अजून उभा आहे, लोक तिकीट काढून बघायला जातात. मागच्याचं मात्र ह्या तीन वह्यांखेरीज जगात काही उरलेलं नाही.

"रिटायर झालो की काढीन म्हणत होतो," पेल म्हणाले. "आता डोळे थांबायला तयार नाहीत." सप्टेंबरच्या शेवटी ते कायमचे परत जाणार होते, डोळ्यांचं ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी कसलाही शब्द दिला नव्हता. "दिसतंय तोवर मला ते एकदा शाईत बघायचंय. बस. तुम्ही कराल?"

मी हो म्हणाले. खरं सांगू? दया वगैरे आली म्हणून नव्हे. त्या वह्यांत काय आहे ते बघितल्याशिवाय मला झोप लागली नसती.

पहिले आठ दिवस हातानं सूड घेतला. रेघ थरथरायची, शाई पेनात वाळायची, आणि ट्रेसिंग पेपर त्या दमट हवेत फुगायचा. हो, फुगायचा! सकाळी काढलेली बारा फुटांची भिंत संध्याकाळी पट्टी लावून बघावी तर साडेबारा. ह्यांनी खिडकीचा एसी दिवसभर चालू ठेवायची परवानगी दिली, आणि विजेचं नाव काढलं नाही, हे मी विसरणार नाही. मनगटाखाली ब्लॉटिंग, हाताला टाल्कम पावडर, आणि जेवण सगळ्यांचं जमिनीवर सतरंजीवर. टेबलावर विलायत पसरलेली. रेवाला मजा वाटायची. रोज शाळेतून आली की वाकून बघायची, आणि एकदा म्हणाली, "बट आई, व्हेअर आर द पीपल?"

"नकाशात माणसं काढत नाहीत गं."

"देन हाउ डू यू नो इट्स अ हाउस?"

घ्या! डिप्लोमाला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

पण माणसं होती. मला दिसायला लागली होती. एका घरात इतक्या खोल्या आणि प्रत्येक खोलीला एकच काम! आपल्याकडं एका पडवीत दळण होतं, बाळंतपण होतं, आणि पाहुणा आला तर झोपतोही तिथंच. इथं नुसते दिवे पुसायला एक खोली. बूट चकचकीत करायला एक. शिकार करून आणलेले पक्षी टांगायला एक, तिला भिंतीत जाळ्या. दुधाची खोली मुद्दाम उत्तरेला, आत दगडी फळ्या, ऊन पोचू नये म्हणून. आणि कपड्यांना तर तीन खोल्या: धुवायची, वाळवायची, इस्त्रीची. मधे फरसबंदी अंगण, बासष्ट फूट बाय चव्वेचाळीस, कोपऱ्यात पंप, आणि सगळ्या अंगणाला एका कोपऱ्याकडं तीन इंचांचा उतार. पेलनी तो उतार सुद्धा मोजला होता! कुठला दगड खचलाय, पंपाचा दांडा जमिनीपासून किती उंच, हौदाची कड किती झिजली आहे, सगळं. इतकं तर कुणी स्वतःचं घरही मोजत नाही.

आणि एक चिंचोळी वाट. धुण्याच्या खोलीपासून अंगणाबाहेरून कपडे वाळत घालायच्या हिरवळीपर्यंत जाणारी, रुंदी तीन फूट दोन इंच, बाजूची भिंत नऊ फूट, एकही खिडकी नाही, आणि जमिनीत चार फूट खाली उतरवलेली. मी बुचकळ्यात पडले. सपाट जमीन सोडून वाट खाली का खणली असेल? पाणी तुंबणार, चिखल होणार. कोकणातला शेंबडा गवंडी सुद्धा असं करणार नाही.

पुढच्या शुक्रवारी विचारलं. पेल म्हणाले, "बागेत बसलेल्यांना टोपली घेऊन जाणारी बाई दिसू नये म्हणून."

ते इतक्या सहज म्हणाले की मला वाटलं, माझंच इंग्रजी कमी पडलं.

त्याच सुमारास उम्म युसूफ मला मुहर्रकला, शेजारच्या बेटावर, तिच्या भावाचं जुनं घर दाखवायला घेऊन गेली. मी सारखी घरांचं विचारते म्हणून. समुद्रातल्या दगडाच्या जाड भिंती, वर चुनागच्ची, छताला लाकडी वाशांची ओळ, आणि मधे चौक, त्यात एक बोरीचं झाड. रस्त्याकडं खिडकी जवळपास नाहीच. दारातून आत शिरलं की समोर भिंत, मग वळायचं, मग चौक. मी तिथंच थबकले. "सीधा क्यों नहीं?" विचारलं, तर उम्म युसूफ म्हणाली, "रस्ते का आदमी अंदर नहीं देखेगा. औरत लोग आराम से बैठेगा. खलास." आणि खरंच, चौकात तिची भावजय आणि दोन जावा पाय पसरून, डोक्यावरचं काढून, खजुराच्या बिया काढत आरामात बसल्या होत्या.

परत येताना मुहर्रकच्या पुलावर गाडी थांबली आणि माझ्या डोक्यात चक्र सुरू. हे घर आपल्या बायकांना रस्त्यावरच्या लोकांपासून झाकतं. ते विलायतेतलं घर आपल्याच कामकरी बायकांना आपल्याच मालकांपासून झाकतं. दोन्हीकडं चौकच, दोन्हीकडं उंच भिंतच. घर कुणापासून काय लपवतं ते बघावं, म्हणजे घरातली माणसं कळतात. हे मला कुठल्या कॉलेजात शिकवलं नव्हतं. मी स्वतःवर फारच खूश झाले त्या दिवशी. मोठी शहाणी!

आणखी एक गोष्ट मला खात होती. तिन्ही वह्या एकाच भिंतीपाशी थांबत होत्या. अंगणाच्या पुढच्या बाजूला साडेतीन फूट जाडीची भिंत, तिच्यात एक दार, आणि दारापलीकडं कोरा कागद. पलीकडं तो प्रसिद्ध दिवाणखाना असणार. पण एक आकडा नाही, एक रेघ नाही. जो माणूस झिजलेल्या हौदाची कड मोजतो, तो घराचा पुढचा भाग मोजायचा विसरेल? छे. काहीतरी होतं. आणि मला ते विचारल्याशिवाय राहवणार नव्हतं.

ऑगस्टच्या मध्याला नकाशा पुरा झाला. पाच शीट. मी आंघोळ करून, चांगली साडी नेसून वाट बघत बसले, परीक्षेच्या निकालाला बसावं तशी. पेल आले, भिंग काढलं, शीटवर वाकले. भिंग अंगणावरून सरकत धुण्याच्या खोलीच्या दारापाशी आलं आणि थांबलं.

"ही काय रेघ आहे?"

"उंबरा."

"काय?"

मी समजावलं. आपल्याकडं दाराला उंबरा नसला तर त्याला दार म्हणत नाहीत, भोक म्हणतात. लक्ष्मी उंबऱ्यातून आत येते, सून माप ओलांडते ते उंबऱ्यावर, तिन्हीसांजेला उंबऱ्यावर बसू देत नाहीत. गिरगावातले आमचे साहेब ओरडायचे, उंबरा दाखवा, नाहीतर गवंडी खातो. म्हणून दाराची जागा आली की माझा हात आपोआप दोन बारीक रेघा मारतो. मी पाची शीटवर, सत्तेचाळीस दारांना, सत्तेचाळीस उंबरे बसवले होते. वहीत एकही नव्हता, आणि मला ते एकदाही खटकलं नव्हतं.

पेलचा चेहरा लाल झाला. "इथं काहीही नव्हतं! सपाट होतं! दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन माणूस जातं इथून. पायाखाली बघता येत नाही. इथं एवढा जरी लाकडाचा तुकडा असता, तर माझी आई पहिल्याच दिवशी तोंडावर आपटली असती!"

एसी घरघरत राहिला. ह्यांनी खुर्ची पुढं सरकवली.

मग पेल बसले आणि सांगितलं. आई चौदाव्या वर्षापासून त्या घरात धुण्याला होती. लग्नानंतर सुटली, आणि नवरा गेल्यावर पुन्हा तिथंच आली. हा मुलगा शाळेतून यायचा, मागच्या फाटकानं, आणि तिचं काम संपेपर्यंत अंगणातल्या हौदाच्या कडेवर बसून राहायचा. अंगणाच्या पुढं जायचं नाही, हा नियम. म्हणून त्या अंगणाचा दगडन् दगड पाठ. मोठा होऊन सर्वेअर झाल्यावर मोजायला गेला, तेव्हा तिथले कारभारी म्हणाले होते, आत या, दिवाणखाना बघा, चहा घ्या. "मी म्हटलं, माझ्या बुटांना चिखल आहे."

"मग पुढचा भाग आपण पुस्तकातून काढूया ना," मी म्हणाले. आगाऊपणा! "फोटो असतील, प्लॅन छापलेला असेल."

"मोजलेलं नाही ते काढायचं नाही, मिसेस साळवी."

मला त्या वेळी काय बोलता आलं असतं, ते माझं मला माहीत होतं. माझी आईही दुसऱ्याच्या घरी होती. आमच्या गावच्या खोतांकडं, लग्न झाल्यापासून, पाणी भरायला आणि भांडी घासायला. वडील मी चार वर्षांची असताना गेले, आणि आईनं मला त्या भांड्यांवर वाढवलं, मामाकडं धाडलं, शिकवलं. लग्न ठरताना सासरी सांगितलं गेलं की आई गावी घरची शेती बघते. मामानंच सांगितलं, आणि मी मान खाली घालून बसले होते. सात वर्षं ती मान तशीच खाली होती. आमच्या ह्यांना गावी जायला रजा कधी पुरली नाही, आणि मी कधी आग्रह धरला नाही. आम्हाला हातभर जमीन नव्हती.

त्या संध्याकाळी मी पेलना काही म्हणाले नाही. चहा दिला, माफी मागितली, आणि सोमवारपर्यंत दुरुस्त करते म्हणाले.

सोमवार कसला! ब्लेडनं शाई खरवडली की कागदाचा पापुद्रा निघतो, आणि त्यावर दुसरी रेघ मारली की शाई पसरते. दहा-बारा उंबरे खरवडले आणि शीटला चक्क भोक पडलं. शेवटी पाची शीट नव्यानं काढायला घेतले. ऑगस्ट गेला. सप्टेंबर सुरू झाला, हवा आणखी जड झाली, खजुराचे घड काळसर होत आले. उम्म युसूफ रुतबऐवजी पक्का खजूर आणायला लागली, आणि माझ्या ताटाला हात लागेना. हे ऑफिसातून आल्यावर भात लावायचे, रेवाचा अभ्यास घ्यायचे, एका शब्दानं कुरकुरले नाहीत. अधूनमधून सांगायचे, "आज पेलसाहेब दारावर आपटले." "आज त्यांनी सही भलत्याच जागी केली." मी खाली मान घालून रेघा ओढत राहायची. त्यांचं दिसणं आणि माझं संपणं, ह्यांची शर्यत लागली होती, आणि माझे पाच-सहा आठवडे मी उंबऱ्यांत घालवले होते.

ते निघायच्या दोन दिवस आधी शीट पुरे झाले. मी सांगते म्हणून नव्हे, पण काम चोख झालं होतं. केसासारखी रेघ. गिरगावातल्या साहेबांनी बघितलं असतं तर तेही गप्प बसले असते.

पेल आले. मी शीट पसरले. त्यांनी भिंग लावलं. मग शीट खिडकीकडं ओढला. मग भिंग बदललं. मग चष्मा काढून कागद पार नाकाला लावला, जवळजवळ वास घेतल्यासारखा. बऱ्याच वेळानं त्यांनी कागद खाली ठेवला, तळहातानं सपाट केला, आणि म्हणाले, "फार बारीक रेघ आहे तुमची. सुंदर असणार."

असणार.

मला रडू फुटलं. सगळ्यांसमोर, पदर तोंडात कोंबून. माझ्यामुळं, माझ्या त्या मेल्या सवयीमुळं, माणसाच्या डोळ्यांतून ते घर निसटलं. महिनाभर आधी त्यांना दिसलं असतं. ह्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो मला झटकून टाकावासा वाटला.

"मिसेस साळवी," पेल म्हणाले, "रडू नका, वाचा. मागच्या फाटकापासून."

म्हणजे काय ते मला कळायला जरा वेळ लागला. मग मी डोळे पुसले, पट्टी घेतली आणि सुरू केलं. फाटक सहा फूट. आत उजवीकडं कोळशाची खोली. ते म्हणाले, "दार तिरकं लागायचं." अंगण, बासष्ट बाय चव्वेचाळीस. पंप. हौद. "हं, इथं मी." धुण्याची खोली, चुली दोन, दगडी टाक्या चार. त्यांनी डोळे मिटले होते आणि बोट टेबलावर माझ्या आवाजाबरोबर चालत होतं, कागदावर नव्हे, कागदाच्या बाजूला नुसत्या लाकडावर. इस्त्रीची खोली. मागचा जिना, चौदा पायऱ्या. "पंधरा," ते म्हणाले. मी मोजल्या. पंधराच होत्या. मग ती खाली उतरलेली वाट, तीन फूट दोन इंच. तिथं ते थांबले आणि म्हणाले, टोपलीची रुंदी अडीच फूट, दोन्ही बाजूंना हाताची बोटं खरचटायची तिची. मग परत अंगण. मग पुढची जाड भिंत, आणि तिच्यातलं दार.

"पुढं?" ते म्हणाले.

"पुढं कागद कोरा आहे."

"हो." त्यांचं बोट लाकडावर थांबलं. "ती त्या दाराच्या आत गेली होती, वर्षातून एकदा, नाताळात, सगळ्या नोकरांना बोलवायचे तेव्हा. तिला सगळं माहीत होतं. आत काय आहे, काय वाटलं, दिवसभर ती काय विचार करत असायची. मी टेप घेऊन भिंती मोजल्या, मिसेस साळवी. ती तेव्हा जिवंत होती. पाच मैलांवर राहत होती. मी तिला काही म्हणजे काही विचारलं नाही."

त्यांनी शीटची गुंडाळी करून घेतली, माझा हात दोन्ही हातांत धरला, आणि ह्यांच्या आधारानं जिना उतरले. नंतर कळलं, ऑपरेशननं एका डोळ्याला थोडा उजेड राहिला, रेघा दिसण्याइतका नाही. घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला ते शीटसमोर बसवतात आणि वाचायला लावतात, असं दुसऱ्या कुणाच्या अक्षरातल्या कार्डात होतं.

ते गेले त्याच दुपारी मी टेबलाशी बसले. जिकडं तिकडं पेन्सिलींची सालं आणि ब्लॉटिंगचे तुकडे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो मी घालून आले होते. चारशे वर्षांच्या विलायती घरात कोण बाई कुठून चालायची ते मला इंचात पाठ होतं, आणि माझी आई खोतांच्या घरात दिवसभर काय करायची, हे मी, एवढी भोचक असून, तिला जन्मात विचारलं नव्हतं. विचारायची लाजच वाटायची. मी एअरलेटर घेतलं आणि लिहायला लागले. हे मागून आले आणि म्हणाले, "कुणाला?"

"आईला." आणि मग सांगूनच टाकलं. खोत, भांडी, पाणी, मामाची शेतीची थाप, माझी खाली घातलेली मान, सगळं.

हे बाजूची खुर्ची ओढून बसले. मग म्हणाले, "एवढी शेती, आणि सासूबाई कधी एक पायली तांदूळ पाठवत नाहीत, असं मला वाटायचं खरं." मी त्यांच्याकडं बघितलं तर हसत होते, पण डोळे भरलेले. "लिही," म्हणाले. "माझाही नमस्कार घाल. आणि ह्या रजेत गावी जायचं."

आईला लिहिता येत नव्हतं. उत्तर पोस्टमास्तरांच्या अक्षरात, महिन्यानं आलं. त्यांनी शुद्ध लिहायचा प्रयत्न केला होता, पण आईचं बोलणं मधूनमधून वर येत होतं. सुरुवातीला जावयांना आशीर्वाद, नातीला पापा, शेजारच्या फणसाला यंदा कमी फळ. मग लिहिलं होतं:

"तू खोतांच्या घराचं इचारलंस. आजवर कुणी इचारलं नाही, म्हणून सांगितलं नाही. घर मोठं होतं, पुढचं मी फारसं बघितलं नाही. मागलं सांगते. विहिरीपासून मागल्या पडवीपर्यंत चाळीस पावलं. भरली घागर असली की पन्नास. तू पोटात होतीस तेव्हा साठ."